रॉक आणि जॅझ दोन्ही वाजवणारा टूरिंग ड्रमर : हात, सामान आणि हिशेब

माहीमचा ठेका (धागाकर्ता)

ड्रम शिकणाऱ्यांचे दोन प्रश्न इथे सारखे येतात. "ग्रेड आठ झाली, आता पुढे काय?" आणि "मी रॉक वाजवतो, मला जॅझ कशाला?" दोन्हींची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हा धागा.

ट्रिनिटीच्या किंवा रॉकस्कूलच्या परीक्षांच्या आठही ग्रेड झाल्या म्हणजे हात तयार झाला, इतकंच. दौऱ्यावर नेणारा माणूस ग्रेड विचारत नाही. शुक्रवारी मैदानात दोन गिटार अँपसमोर वाजवणारा हा गडी रविवारी दीडशे खुर्च्यांच्या सभागृहात पियानो न बुडवता वाजवेल का, हे तो बघतो. वीस शैलींचे ठेके पाठ असणारे मुंबईत पुष्कळ आहेत. टंचाई आहे ती आवाजाचा तोल सांभाळणाऱ्यांची.

दोन कारकिर्दी बघा. सायमन फिलिप्स, जन्म लंडनचा, १९५७. बाराव्या वर्षी वडिलांच्या डिक्सिलँड बँडमध्ये पैसे घेऊन वाजवायला लागला. १९७७ मध्ये जुडास प्रीस्ट या बँडचा अल्बम, मग गिटारवादक जेफ बेक, १९८९ मध्ये द हू या रॉक बँडचा दौरा. १९९२ मध्ये टोटो या रॉक बँडचा ड्रमर जेफ पोर्कारो वारला तेव्हा त्यांनी यालाच घेतलं आणि तो २०१४ पर्यंत तिथे होता. मधल्या काळात जॅझ पियानोवादक हिरोमीच्या त्रयीतही वाजवत होता. दुसरा स्टीव्ह स्मिथ : बर्कली संगीत महाविद्यालयात शिकला, व्हायोलिनवादक जाँ-लुक पाँटीच्या फ्यूजन (जॅझ-रॉक) बँडमध्ये वाजवलं आणि १९७८ मध्ये जर्नी या रॉक बँडमध्ये गेला. स्टेडियम भरत होती त्याच दिवसांत, १९८३ मध्ये, त्याने व्हायटल इन्फर्मेशन हा स्वतःचा जॅझ बँड काढला. पुढे कोनक्कोलही (कर्नाटक संगीतातले तोंडी बोल) शिकला.

दोघांचाही पाया जॅझचा, दोघांनाही नोटेशन वाचता येतं, आणि मोठ्या बँडची नोकरी चालू असताना दोघांनी स्वतःचं काम बंद ठेवलं नाही. आता जाणकारांनी भर घालावी. प्रेरणादायी सुविचार नकोत, कामाचं लिहा.

चौथी मात्रा

तोलाचा मुद्दा काढलात ते बरं केलंत, कारण गाडी तिथेच अडते.

रॉकमध्ये वजन किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअरवर (खाली तारा असलेला ड्रम), झांजा वरून. जॅझमध्ये ठेका राइड या मोठ्या झांजेवर, २ आणि ४ वर हायहॅटचा (पायाने मिटणारी झांजांची जोडी) पाय, आणि किक सगळ्यांच्या खाली. रॉकवाला जॅझला बसला की पहिली चूक किकची होते. किक चारही मात्रांवर वाजवायची असते, पण ऐकू येता कामा नये. डबल बासच्या नोटेला खालून भर मिळाली की काम झालं. याला फेदरिंग म्हणतात. टाच पेडलवर टेकलेली, बीटर (पेडलचा हातोडा) स्किनपासून, म्हणजे ड्रमच्या पुडीपासून, दोन-तीन इंचांवर, घोट्यातून नुसता स्पर्श करून लगेच सोडायचा. बीटर स्किनवर दाबून ठेवलात तर कोरडा 'थड' येतो आणि बासची नोट त्याखाली मरते. तपासायला फोन बासवाल्याच्या पायाशी ठेवून रेकॉर्ड करा, स्वतःच्या स्टुलाजवळ नको. रेकॉर्डिंगमध्ये किकचे ठोके मोजता आले तर आवाज जास्त आहे. २२० बीपीएमच्या (मिनिटाला मात्रा) पुढे पाय आखडत असेल तर फक्त १ आणि ३ ठेवा, कोणी तक्रार करत नाही.

जॅझवाला रॉकला बसला की घोळ स्नेअरवर होतो. काठी मध्यापासून इंचभर सरकली की रिमशॉटचा (स्किन आणि कड एकदम लागणारा फटका) आवाज बदलतो. खोलीत ते चालून जातं, पण माइक स्किनपासून दोन बोटांवर असतो, तिथे प्रत्येक बॅकबीट (२ आणि ४ वरचा ठोका) वेगळा ऐकू येतो. मग साउंडवाला कंप्रेसर (आवाजाचे चढ-उतार सारखे करणारं यंत्र) वाढवतो, त्याबरोबर हायहॅटही वर येतो, आणि सगळा मिक्स पत्र्यासारखा होतो. यावर रियाज कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही : ९० बीपीएम, किक १-३, स्नेअर २-४, दहा मिनिटं. फिल (मधल्या भरीचे तुकडे) नाही, क्रॅश (ठोसा देणारी झांज) नाही. मग मेट्रोनोम चार बार (आवर्तनं) चालू, चार बार बंद. आवाज परतल्यावर आपण पुढे गेलोय की मागे, ते कळतं. बहुतेक जण पुढेच जातात.

दादर टी.टी.

वाचनखूण साठवली. फेदरिंगचा फोनवाला उपाय झकास.

कोमल धैवत

तबला-ढोलकीकडून ड्रमकडे येणारे इथे बरेच आहेत, त्यांच्यासाठी स्विंगबद्दल लिहिते.

क्लासमध्ये शिकवतात की एका मात्रेचे तीन भाग करा, त-कि-ट, त्यातला पहिला आणि तिसरा वाजवा. मध्यलयीत हे चालतं. पण लय संथ झाली की लांब-आखूडाचं प्रमाण २:१ च्या पुढे जातं, आणि अतिद्रुत लयीत, २५० बीपीएमच्या वर, दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. म्हणजे प्रमाण लयीनुसार बदलतं. ते न बदलता सगळीकडे पक्की तिस्र जाती वाजवली की ठेका लंगडतो. तबल्यावर लय वाढली की ठेक्याचं वजन आपोआप बदलतं, तीच जाण इथे वापरायची.

आणि धागाकर्त्यांनी इंग्लंड-अमेरिका सांगितली, घरचेही सांगायला हवे होते. त्रिलोक गुर्टू १९५१ चे, मुंबईचे, शोभा गुर्टूंचे चिरंजीव. पाया तबल्याचा. ड्रमसेट जमिनीलगत मांडून वाजवतात, वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून सूर खाली ओढतात. आधी ओरेगॉन हा बँड, मग गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनची त्रयी. रणजित बारोट हे सितारादेवींचे चिरंजीव. ए. आर. रहमानबरोबर काम, स्वतःचं चित्रपटसंगीत, आणि मॅक्लॉफ्लिनच्याच फोर्थ डायमेन्शन या बँडमध्ये ड्रम. या दोघांना बाहेर बोलावणं आलं ते अमेरिकन ठेके हुबेहूब वाजवतात म्हणून आलेलं नाही.

घोस्टनोट

"पाया जॅझचा" हे वाचायला छान आहे, पण मुंबईचं कॅलेंडर बघा राव. गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा. नवरात्रात गरबा : रोज तीन-चार तास हींच हा गरब्याचा ठेका, तोही ऑक्टोपॅडवर (काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड). नोव्हेंबर ते फेब्रुवारी लग्नं, कॉर्पोरेट शो, कॉलेज फेस्टिव्हल, पार्श्वगायकांचे दौरे. जून-जुलै शुकशुकाट. यात जॅझ कुठे बसतं? एनसीपीएची सभागृहं आणि दोन-चार क्लब. १९७८ मध्ये सुरू झालेला जॅझ यात्रा महोत्सव आता इतिहासजमा, रंगभवनचं खुलं नाट्यगृह शांतता क्षेत्राच्या नियमात गेलं, लोअर परळचं ब्लू फ्रॉग क्लबही २०१६ मध्ये मिटलं. ज्याला घरभाडं द्यायचंय त्याने आधी क्लिकवर (कानात चालणाऱ्या मेट्रोनोमवर) वाजवायला आणि पॅडवर सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) लावायला शिकावं. ब्रश (जॅझमध्ये काठीऐवजी वापरतात ते तारांचे कुंचले) नंतर.

चौथी मात्रा

@घोस्टनोट, काम कुठे मिळतं याबद्दल वाद नाही. पण पार्श्वगायकाच्या दोन तासांच्या शोमध्ये मधे वीस मिनिटं जुनी गाणी असतातच, नुसता पियानो, बास आणि ब्रश. १९५०-६० च्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याचे जॅझवाले बसलेले होते, त्यामुळे त्या गाण्यांचे ठेके मुळात स्विंग आणि लॅटिनच आहेत. तिथे काठीने हायहॅट कुटणारा लगेच उघडा पडतो. पुढच्या दौऱ्याला कोणाला न्यायचं, हे त्याच वीस मिनिटांत ठरतं.

स्नेअरवायर

सेटबद्दल. एकाच सेटवर दोन्ही करायचं असेल तर मापं अशी.

रॉकचा प्रघात २२ इंची किक, १८ इंच खोल; टॉम १२ किंवा १३, फ्लोअर १६. जॅझचा १८×१४ किक, १२ चा टॉम, १४ चा फ्लोअर. मधला मार्ग २० इंची किक, खोली १४ किंवा १६; टॉम १२, फ्लोअर १४, आणि रॉकसाठी वेगळा १६. किकला समोरच्या दोन स्किन ठेवा : एक भोक असलेली, आत छोटी उशी, रॉकसाठी, एक अखंड कोटेड (वर खरखरीत थर असलेली), आत काही नाही, जॅझसाठी. भोकाच्या स्किनवर जॅझ होत नाही, कारण हवा बाहेर पडते आणि सूर टिकत नाही.

स्किन : रॉकला दोन थरांची, जॅझला एक थराची १० मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कोटेड. स्नेअरची खालची ३ मिलची, तिच्या जागी वरची स्किन चुकूनही चढवू नका, तारा कंप पावत नाहीत.

ट्यूनिंग : सगळे टेन्शन रॉड (स्किन ताणणारे स्क्रू) बोटाने टेकेपर्यंत फिरवा. मग किल्लीने अर्धा अर्धा फेरा, समोरासमोरच्या क्रमाने. ओळीने गोल फिरलात तर स्किन एका बाजूला ओढली जाते आणि नंतर कितीही झटलात तरी सूर जुळत नाही. तळवा मध्यावर दाबून स्किन बसवा. मग प्रत्येक रॉडपासून इंचभर आत हलकेच टकटक करून सूर सारखा करा. जॅझला दोन्ही बाजूंचा ताण जवळपास सारखा आणि चढा, १२ आणि १४ मध्ये साधारण सा-म चं अंतर. रॉकला वरची सैल, खालची थोडी चढी; आघातानंतर सूर जरा खाली घसरतो, तोच 'धूम' लोकांना हवा असतो.

आणि ब्रश फक्त खरखरीत कोटिंगवर वाजतो. भाड्याच्या सेटच्या स्नेअरवर कोटिंग मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं असतं, तिथे डाव्या हाताचं वर्तुळ ऐकूच येत नाही. म्हणून सेट कोणाचाही असो, स्नेअर स्वतःचा. तेवढं जमत नसेल तर निदान १४ ची कोटेड स्किन पिशवीत.

दादर टी.टी.

बास सोलोच्या वेळी स्नेअरच्या तारा आपोआप झणझणतात, त्याला काय करायचं?

स्नेअरवायर

स्नेअरच्या बाजूचा लिव्हर खाली पाडा, तारा सुटतात. परत लावायला विसरू नका, नाहीतर पुढचा बॅकबीट टिंबालीसारखा (तारा नसलेला लॅटिन ड्रम) येतो आणि सगळा बँड मागे वळून बघतो. कायमचा उपाय म्हणजे स्नेअर आणि लहान टॉमचे सूर एकमेकांपासून लांब ठेवणं. दोन्ही एकाच सुरावर आले की जास्त झणझणतं.

लगेज डबा

प्रवासाचं बोलू. लोकलने जायचं तर लगेजचा डबा, तोही गर्दीच्या उलट दिशेला. २२ इंची झांजांची पिशवी पाठीवर घेऊन संध्याकाळी सहाला दादरला चढायचं धाडस करू नये. झांजांचं राहू द्या, लोक मारतील.

विमानाचा हिशेब मात्र आधी वजनकाट्यावर करावा. १४ चे हायहॅट, १६ आणि १८ चे क्रॅश, २२ चं राइड मिळून साडेसात-आठ किलो. कडक केस साडेतीन. लाकडी स्नेअर पिशवीसकट साडेचार, सिंगल पेडल अडीच, काठ्या आणि किरकोळ एक. झाले १९-२०. देशांतर्गत स्वस्त तिकिटावर चेक-इन बहुधा १५ किलो. वरचे चार-पाच किलो कोण भरणार, हे आयोजकाच्या मेलमध्ये आधी लिहून घ्या. २२ इंच म्हणजे ५६ सेंटीमीटर, केबिनच्या ५५ च्या मापात ते बसत नाही, गेटवर हुज्जत घालू नका. काठ्या चेक-इनमध्ये, इन-इअरच्या (कानातल्या मॉनिटरच्या) लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्ये.

परदेश दौऱ्याला स्वतःचं सामान नेणार असाल तर एटीए कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं नेण्या-आणण्याचा कस्टम्सचा कागद. भारतात तो फिक्की ही उद्योगसंस्था देते. प्रत्येक वस्तू सीरियल नंबरसकट यादीत, मुदत एक वर्ष. नेलेलं सगळं परत आलंच पाहिजे. तुटलेली झांज तिकडे टाकून आलात तर तिच्यावर तिकडची ड्यूटी लागू शकते. थोडंच सामान असेल तर निघताना विमानतळावर कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, म्हणजे परतताना "हे बाहेरून आणलंत का" हा प्रश्न उरत नाही. त्यासाठी तासभर आधी पोचा आणि झांजा चेक-इन करण्याआधी दाखवा. एकदा पट्ट्यावर गेल्या की संपलं.

गिरगाव ब्लूज

बुबिंगा या आफ्रिकन लाकडाच्या शेलचं (ड्रमच्या खोडाचं) काय? कोणीतरी म्हणालं जप्त करतात.

लगेज डबा

२०१७ मध्ये ते लाकूड साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आलं तेव्हा घबराट होती. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. बिल सोबत ठेवा, पुरे.

कोमल धैवत

पावसाळा राहिला. आजची स्किन प्लास्टिकची असते, दमट हवेने तिचा सूर फारसा हलत नाही. मुंबईची हवा खाते ते लोखंड : टेन्शन रॉड, रिम, स्नेअरच्या तारा, पेडलची साखळी. मे संपता संपता प्रत्येक रॉड काढून पुसून आट्यांना किंचित पेट्रोलियम जेली लावावी. गंजलेला रॉड किल्लीने रेटला तर आटे जातात आणि मग अख्खा लग (रॉड ज्यात बसतो तो धातूचा भाग) बदलावा लागतो. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दाणे रंग बदलले की नव्या घाला. ओला सेट केसमध्ये बंद करून ठेवू नका.

आणि कृपा करून झांजेला पितांबरी लावू नका! चिंचही नको. देवाची भांडी आणि झांज एक नाही. घासल्यावर वरचा थर आणि शिक्का जातो, भुकटी खाचांत बसते आणि झांज मंद वाजते. शो संपला की कोरड्या सुती फडक्याने बोटांचे डाग पुसायचे, बास.

माहीमचा ठेका

भाड्याच्या सेटबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहितो. दौऱ्यावर किक, टॉम आणि स्टँड आयोजकाचे असतात. रायडरमध्ये (आयोजकाला पाठवायच्या मागण्यांच्या यादीत) "चांगला ड्रमसेट" असं लिहिलंत तर काहीही येतं. मापं लिहा, "वरच्या सर्व स्किन नव्या" लिहा, बूम स्टँड ३, स्नेअर स्टँड १, हायहॅट स्टँड क्लचसह (वरची झांज दांड्यावर धरणारा भाग), गोल फिरवून उंची बदलणारं स्टूल, ८×८ फुटांचा रायझर (ड्रमसाठीचा उंच चौथरा) आणि त्यावर ६×६ ची जाड सतरंजी. सतरंजी नसली की किक गुळगुळीत प्लायवर दर गाण्याला बोटभर पुढे सरकते आणि तिसऱ्या गाण्याला पाय लांब करून वाजवावं लागतं. कंबर जाते ती अशीच. स्वतःची सतरंजी असेल तर स्टँडच्या पायांच्या जागा रंगीत टेपने आखून ठेवा, मांडणी पाच मिनिटांत होते.

हमखास नसतं ते : हायहॅटचा क्लच, झांजेखालचे फेल्ट, प्लास्टिकच्या नळ्या. नळी नसली की झांजेचं भोक थेट दांड्यावर घासतं, लंबगोल होतं आणि तिथूनच चीर जाते. विंगनट करकचून आवळलं तर झांज हलू शकत नाही, तीही फुटते. म्हणून एका डब्यात क्लच १, फेल्ट ८, नळ्या ६, विंगनट ४, किल्ल्या २, स्नेअरच्या तारांची दोरी, किकच्या स्किनवर लावायचा पॅच, गॅफर टेप. डब्याचं वजन अर्धा किलोसुद्धा होत नाही, आणि शो थांबतो तो याच अर्ध्या किलोपायी.

मुंबईत उघड्यावर रात्री १० ला स्पीकर बंद, वर्षातल्या सवलतीच्या मोजक्या दिवसांचा अपवाद. म्हणजे साउंडचेक दुपारीच. आधी किक एकटी, मग स्नेअर, हायहॅट, टॉम, ओव्हरहेड (झांजांवरचे माइक), शेवटी साधा ठेका. साउंडवाल्याने किक मागितली असताना फिल वाजवू नका.

घोस्टनोट

पैशाचं थोडक्यात. शोचं मानधन, सिटिंगचं (तालमीचं) मानधन आणि प्रवासाच्या दिवसाचा भत्ता हे तीन आकडे वेगळे लिहून घ्या. एकत्र सांगितले की सिटिंग फुकटात जाते. निम्मे आगाऊ, आणि शो रद्द झाला तर आगाऊ परत नाही, हे मेलवर. टीडीएस बहुधा १० टक्के कापतात, तो खात्यावर जमा झालाय का ते फॉर्म २६एएसमध्ये दर तिमाहीला बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी.

चौथी मात्रा

कानांचंही. सर्वसाधारण मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बंद जॅमरूममध्ये ड्रमवाल्याच्या कानाशी १०० सहज होतात. कापसाने फक्त वरचे सूर जातात, मग माणूस झांज अजून जोरात मारतो. कानाच्या साच्याचे, सगळे सूर सारखे कमी करणारे १५ डेसिबलचे प्लग करून घ्या. जॅझला ९ चे फिल्टर पुरतात.

गिरगाव ब्लूज

बदलीचं, म्हणजे दुसऱ्या ड्रमरच्या जागी वाजवायचं, काम आलं तर? तीन दिवस हातात, वीस गाणी.

माहीमचा ठेका

बहुतेकांचा शिरकाव बदलीनेच होतो. पाठ करत बसू नका, चार्ट लिहा. एका गाण्याला अर्धं पान, मोठ्या अक्षरात, कारण रायझरवर उजेड नसतो. उदाहरणार्थ : "९६, सरळ. काउंट हायहॅटवर. इन्ट्रो ८, ड्रम ५ व्या बारपासून. मुखडा ८, साइडस्टिक. म्युझिक १२, शेवटच्या बारला २ आणि ४ च्या 'अँड'वर हिट. अंतरा १६, राइड. मुखडा ४ (८ नाही!). शेवट तिहाई, गायकाकडे बघा." ठेका पूर्ण लिहायची गरज नाही, किकचा एक बार लिहिला की हाताला आठवतं. जॅझ असेल तर रचना : ३२ बार एएबीए की १२ बार ब्लूज, सोलोंचा क्रम, चार-चार बारची देवाणघेवाण आहे का, आणि शेवटचा मुखडा कोण खुणावणार.

पहिल्या दिवशी वीसही गाणी न वाजवता ऐकून चार्ट. दुसऱ्या दिवशी फक्त सुरुवाती, शेवट आणि लय बदलतात त्या जागा. मधला ठेका हात सांभाळतो. तिसऱ्या दिवशी पूर्ण यादी क्रमाने, एकदाच, न थांबता, आणि प्रत्येक गाण्याचं बीपीएम मेट्रोनोममध्ये त्याच क्रमाने भरून. यादी ऐनवेळी बदलते, म्हणून चार्ट सुटे ठेवा, स्टेपल मारू नका. आणि शोच्या आधी गायकाला एकच प्रश्न विचारा : कोणतं गाणं मूळ लयीपेक्षा वेगळं गाता? दोन-तीन तरी निघतातच.